बोडीतील गोगलगायी, म्हशींचे पर्णकृमी आणि मोरचूद : मार्गदर्शन हवे आहे

बोडीकाठ (साकोली, जि. भंडारा) :

सर्वांना नमस्कार. आमच्या धानाच्या बांध्यांना लागून एक बोडी (लहान तळे) आहे. तिच्यात आम्ही शिंगाडा लावतो, थोडी मासोळी सोडतो, आणि ऊन चढले की घरच्या म्हशीही त्याच पाण्यात जाऊन बसतात. दिवाळी उलटल्यापासून दोन म्हशी खंगत गेल्या. एकीला घाण वासाची पातळ हगवण लागली, तर दुसरीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज येऊ लागली. ही सूज संध्याकाळी चरून आल्यावर ठळक दिसे आणि सकाळपर्यंत बरीच ओसरलेली असे. दूध निम्म्यावर आले. दवाखान्यात शेण तपासून घेतल्यावर त्यात पर्णकृमीची अंडी सापडली, औषध पाजले गेले आणि सूज असलेली म्हैस आता सावरते आहे.

डॉक्टरांनी सांगितले की हा कृमी एका म्हशीकडून दुसरीकडे सरळ जात नाही, मध्ये त्याला पाण्यातील गोगलगाय लागते. बोडीच्या काठाला, शिंगाड्याच्या पानांखाली आणि बांध्यांच्या पाटात गोगलगायी भरपूर आहेत, आणि गावातील जाणत्या लोकांचा सल्ला असा की बोडीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून त्या एकदाच्या संपवाव्यात. तसे करण्यापूर्वी मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मोरचुदाने हा रोग खरोखर थांबेल का, आणि मासोळीचे काय होईल? रोवणीच्या दिवसांत घरातल्या बायांच्या पायांवर पोटऱ्यांपर्यंत खाजरे पुरळ उठते, त्याचा या कृमीशी संबंध आहे का? आणि आमची मुले शिंगाडा तोडून काठावरच दातांनी सोलून खातात, त्यात काही धोका आहे का? बोडी असलेल्या अनेक घरांचा हा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सविस्तर मिळाले तर फार उपकार होतील.

पशुवैद्य, पूर्व विदर्भ :

नमस्कार. आपण सूज सकाळी ओसरते आणि संध्याकाळी वाढते हे नेमकेपणाने नोंदवले आहे, आणि निदानाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. कृमी यकृतात रक्त पितात, पित्तनलिका जाड होतात, रक्तातील प्रथिने घटतात आणि त्यामुळे पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागते. म्हैस दिवसभर मान खाली घालून चरत असल्याने ते जबड्याखाली साठते. आपल्या भागात हा कृमी बहुतेक वेळा फॅसिओला जायगँटिका असतो. पानाच्या आकाराचा, चपटा, पूर्ण वाढल्यावर अडीच ते साडेसात सेंटिमीटर लांब.

मोरचुदाचा निर्णय करण्याआधी त्याचे जीवनचक्र एकदा नीट पाहावे, कारण उपाय त्यातूनच निघतो. कृमीची अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि तेथून शेणात येतात. शेणाच्या पोहात ती वाढत नाहीत. शेण पाण्यात विरघळून अंडे मोकळे झाले, तरच उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत त्यातून डोळ्यांना न दिसणारी पोहणारी अळी निघते. या अळीला सुमारे एका दिवसाच्या आत योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. गोगलगाय सापडली की तिच्या शरीरात शिरून ती रूप पालटते आणि वाढत जाते, आणि काही आठवड्यांनी एका अळीच्या जागी शेकडो शेपटीवाल्या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडतात. या अळ्या थोडा वेळ पोहून गवताच्या, धानाच्या किंवा पाणवनस्पतीच्या देठाला चिकटतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. म्हैस ते गवत खाते तेव्हा कवच आतड्यात फुटते. कोवळा कृमी आतड्याची भिंत पार करून यकृतात शिरतो, यकृत पोखरत काही आठवडे फिरतो आणि शेवटी पित्तनलिकेत स्थिरावतो. गवत खाल्ल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत साडेतीन ते चार महिने जातात. म्हणजेच दिवाळीनंतर दिसलेली अंडी ही ऐन पावसाळ्यात किंवा त्याच्याही आधी पोटात गेलेल्या कवचांची आहेत, आणि त्यानंतर पोटात गेलेले कोवळे कृमी कदाचित अजून यकृतात फिरत असतील. शेणाच्या तपासणीत ते दिसणार नाहीत.

याच कारणाने कोणते औषध दिले गेले हे आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे. ऑक्सिक्लोझॅनाइड प्रामुख्याने पित्तनलिकेतील प्रौढ कृमींवर काम करते, ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही करते. पहिले दिले असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा लागू शकते. मात्रा, गाभण जनावराबद्दलची काळजी आणि औषधानंतर दूध किती दिवस वापरू नये, हे त्यांनीच ठरवावे.

हगवण लागलेल्या म्हशीबद्दल मला वेगळी शंका आहे. पर्णकृमींचाच आणखी एक गट, ज्याला आम्ही ॲम्फिस्टोम म्हणतो, तो पूर्ण वाढल्यावर पहिल्या पोटात शांतपणे राहतो, परंतु त्याच्या कोवळ्या अवस्था लहान आतड्याच्या अस्तरात रुतून बसतात आणि तेव्हाच जोराची, दुर्गंधीयुक्त हगवण लागते. त्या वेळी शेणात त्यांची अंडी नसतात, मात्र पातळ शेण स्वच्छ पाण्यात धुऊन गाळले तर तांबूस रंगाचे बारीक कृमी कधीकधी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. या म्हशीचे शेण पुन्हा नेऊन ही शक्यता डॉक्टरांना अवश्य सांगा.

आता गोगलगायीकडे वळू. बोडीतील प्रत्येक गोगलगाय दोषी नसते, आणि हे लक्षात न घेता सरसकट विष घालणे मला अन्यायाचे वाटते. यकृताच्या पर्णकृमीला लिम्निया गटातील गोगलगाय लागते : पातळ, नाजूक, पिवळसर कवच, टोकदार माथा आणि खाली मोठे पसरट तोंड. ॲम्फिस्टोमला मुख्यतः इंडोप्लॅनॉर्बिस लागते, जी चपट्या वेटोळ्यासारखी दिसते. जिच्या तोंडाला कडक झाकण असते ती मोठी, गोल पायला आणि काही घरी शिजवून खाल्ली जाणारी बेलामाया या दोन्ही यकृताच्या पर्णकृमीच्या मध्यस्थ पोषक, म्हणजे त्याच्या अळ्या ज्यांच्यात वाढतात अशा, नव्हेत. मोरचूद मात्र असा भेद करत नाही. तो मासे मारतो, पाण्यातील बारीक जीव मारतो आणि गाळात साठत राहतो. शिवाय उन्हाळ्यात बोडी आटली की या दोन्ही दोषी गोगलगायी ओल्या गाळात दडून तग धरू शकतात आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतात. इंडोप्लॅनॉर्बिस तर उभयलिंगी असल्याने एकटीही अंडी घालून वंश चालवू शकते. उरलेल्या मूठभरांतून एका हंगामात बोडी पुन्हा भरेल आणि आपली मासोळी मात्र गेलेली असेल. म्हणून मोरचूद टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राणिशास्त्राच्या अध्यापिका, रत्नागिरी :

डॉक्टरसाहेबांनी म्हशींविषयी सांगितलेच आहे. मी पायांवरच्या पुरळाबद्दल लिहिते. यकृताच्या पर्णकृमीच्या अळ्या कातडीतून आत शिरत नाहीत, त्यामुळे हे पुरळ त्यांचे नाही. परंतु आपल्याकडच्या गाईगुरांत शिस्टोसोमा गटाचे काही कृमी आढळतात, जे रक्तवाहिन्यांत राहतात, आणि त्यांच्या दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या थेट कातडी भेदून आत जातात. शिस्टोसोमा स्पिंडाले हा त्यांपैकी एक. शिस्टोसोमा नेझाले हा दुसरा, जो बैलांच्या व गाईंच्या नाकातील शिरांमध्ये राहतो आणि नाकात फुलकोबीसारख्या गाठी वाढवून त्यांना घोरायला लावतो. दोघांचीही मध्यस्थ पोषक तीच चपट्या वेटोळ्याची इंडोप्लॅनॉर्बिस आहे. बांधीच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाला गुराचा पाय समजून अळी आत शिरते, मात्र माणसाच्या शरीरात तिची वाढ होत नाही आणि ती कातडीतच मरते. शरीर तिच्याविरुद्ध जी प्रतिक्रिया देते ती म्हणजे ही खाज आणि हे पुरळ. सहसा आठवडाभरात ते ओसरते. खाजवून जखम चिघळू न देणे ही मुख्य काळजी. वर्षानुवर्षे रोवणी करणाऱ्या बायांना ते अधिक तीव्र होते, कारण शरीर प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त चवताळते. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या यापेक्षा वेगळ्या. पुरळ पाण्याच्या रेषेपर्यंत पोटरीवर उठत असेल तर संशय या अळ्यांचा घ्यावा. गमबूट परवडत आणि चालत असतील तर उत्तम. नाही तर पाण्याबाहेर येताच पाय कोरड्या फडक्याने जोराने पुसावेत, कारण ओल अंगावर वाळेपर्यंत अळ्यांना आत शिरायला अवधी मिळतो.

माणसाच्या शरीरात पूर्ण वाढणारे शिस्टोसोमा कृमी आफ्रिकेत फार मोठा रोग करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील २५ कोटींहून अधिक लोकांना त्यावरील प्रतिबंधक उपचारांची गरज होती. थिओडोर बिल्हार्झ यांनी कैरोत १८५१ साली हा कृमी माणसाच्या शरीरात पाहिला, परंतु तो पाण्यात कोणाच्या आश्रयाने वाढतो हे इजिप्तमध्ये सिद्ध व्हायला १९१५ साल उजाडावे लागले. रॉबर्ट लायपर यांनी ते काम केले. त्याआधी आर्थर लूस यांच्यासारखा मातब्बर संशोधकही अंड्यातून निघालेली अळी सरळ माणसातच शिरते असे मानत होता. जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तेथील शिस्टोसोमाची मध्यस्थ गोगलगाय १९१३ साली शोधून काढली होती.

आमच्या जिल्ह्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे आणि तो इथल्याही फार थोड्या लोकांना माहीत असतो. गुहागर तालुक्यातील गिमवी या गावी, लघवीतून रक्त जाण्याचा हा रोग बाहेरदेशी न गेलेल्या माणसांत आढळतो, असे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. आफ्रिकेत हा रोग करणाऱ्या शिस्टोसोमाची मध्यस्थ पोषक असते बुलिनस नावाची गोगलगाय, आणि ती आपल्याकडे नाही. गिमवीच्या अभ्यासात बोट ठेवले गेले ते फेरिसिया टेनुइस या अगदी वेगळ्या गोगलगायीवर : काही मिलिमीटरची, वेटोळे नसलेली, उपडी ठेवलेल्या टोपीसारखी, दगडांना आणि पानांच्या खालच्या बाजूला चिकटून राहणारी. पुढे तिच्या भूमिकेबद्दल अभ्यासकांत मतभेदही झाले. मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट की, जी गोगलगाय कोणाच्या नजरेत भरणार नाही, तिच्याकडेही कोणीतरी ओढ्यात उतरून बारकाईने पाहिले. आपल्या तळ्याबोड्यांतील गोगलगायींची अशी गावनिहाय पाहणी आजही व्हायला हवी आणि शाळा-महाविद्यालयांनी ती करावी, असा माझा आग्रह आहे.

मोरचुदाबद्दल एक भर घालते. गोगलगायींवर मोहीम उघडून रोग संपवल्याचे ठळक उदाहरण जपानचे आहे. तेथील गोगलगाय पाटांच्या ओल्या काठांवर राहणारी होती. चुना आणि औषधे यांच्या जोडीला मैलोन्‌मैल पाट सिमेंटने बांधून काढले गेले, माणसांवर उपचार झाले, शेतीची पद्धतही बदलली, आणि १९७७ नंतर तेथे नवा रुग्ण सापडला नाही. यामानाशी प्रांताने रोग संपल्याचे जाहीर केले ते १९९६ साली. हे अनेक दशकांचे सरकारी काम होते. एका बोडीत एकदा मोरचूद टाकून त्याची बरोबरी होणार नाही.

आरोग्यसेविका, पालघर :

शिंगाड्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. फॅसिओलॉप्सिस बुस्की नावाचा मोठा पर्णकृमी माणसाच्या आणि डुकराच्या लहान आतड्यात राहतो. त्याच्याही अळ्या लहान चपट्या गोगलगायींत वाढतात आणि बाहेर पडून शिंगाड्याच्या सालीवर, कमळाच्या देठांवर कवच करून बसतात. सालीला दात लावला की ते कवच तोंडात जाते. आतला गर सहसा दूषित नसतो. हा रोग आसाम, बिहार आणि उत्तर प्रदेशातून अधिक ऐकू येतो, तरी १९७२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्याच पालघर तालुक्यातील होता, म्हणून महाराष्ट्रात हा कृमी नाहीच असे कोणी गृहीत धरू नये.

बोडीकाठदादा, आपल्या बोडीत माणसांची विष्ठा किंवा डुकरांची घाण जात नसेल तर धोका बराच कमी आहे, कारण म्हशीच्या शेणातून हा कृमी येत नाही. मात्र म्हशीच्या यकृतातला पर्णकृमी माणसालाही होऊ शकतो आणि त्याचीही कवचे पाणवनस्पतींवरच बसतात. त्यामुळे मुलांना एवढेच पक्के सांगावे की शिंगाडा दातांनी सोलायचा नाही. घरी आणून, धुऊन, चाकूने सोलायचा किंवा उकडून खायचा. उकडल्याने कवचातील अळी मरते. एखाद्या मुलाचे पोट वरचेवर दुखत असेल, हगवण असेल किंवा चेहऱ्यावर सूज येत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात शौच तपासून घ्यावी आणि बोडीतला शिंगाडा कच्चा खाल्ल्याचे तेथे आवर्जून सांगावे. नेहमीच्या जंतांच्या गोळीने पर्णकृमी जातीलच असे नाही. बुस्कीवर प्राझिक्वांटेल हे औषध असते आणि ते डॉक्टरांनीच द्यायचे असते.

बोडीकाठ :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मोरचुदाचा विचार मी सोडला आहे. आता दोन अडचणी उरतात. कापणीनंतर आम्ही ओलसर तणस आणि बांधीतले हिरवे कोंब म्हशींना घालतो, कारण त्या दिवसांत दुसरा चारा नसतो. आणि म्हशीला पाण्यात बसू न देणे आमच्या उन्हाळ्यात शक्य नाही. यातून काय मार्ग काढावा?

पशुवैद्य, पूर्व विदर्भ :

आपल्या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, आणि चारा किंवा पाणी तोडा असे मी सांगणार नाही.

तणसाचे आधी सांगतो. कवचे देठाच्या त्या भागावर असतात जो पाण्यात बुडालेला होता. इंडोनेशियातील पश्चिम जावा भागात धान आणि गुरे यांची सांगड आपल्यासारखीच आहे आणि तेथे या रोगावर पुष्कळ काम झाले आहे. ताज्या कापलेल्या धानाचा फक्त वरचा दोनतृतीयांश भाग गुरांना घालावा आणि बाकीचा कडक उन्हात काही दिवस वाळवावा, असा सल्ला त्यातून निघाला. कवचातील अळी ओलाव्यात अनेक आठवडे तग धरते, पण ऊन आणि कोरडेपणा तिला सोसत नाही. आपल्याकडे कापणीनंतर ऊन भरपूर असते. तणस पातळ पसरून तीन-चार दिवस नीट वाळवा आणि मगच रचा. हिरवे कोंब कापायचे असतील तर ज्या बांधीत गोठ्याचे पाणी उतरते ती वगळा. सर्वांत जास्त बाधित गोगलगायी गोठ्याजवळच्या बांधीत असतात, कारण अंडी तेथेच येऊन पडतात.

बसण्याच्या पाण्याबद्दल माझी सूचना अशी आहे की शिंगाड्याची बोडी आणि म्हशींचे डबके वेगळे करावे. म्हैस पाण्यात बसली की तेथेच शेण टाकते, आणि अंड्याला जे हवे असते ते सगळे त्याला त्या क्षणी मिळते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरणारा, काठावर गवत नसलेला एक खड्डा करता आला, आणि तो अधूनमधून पूर्ण आटू दिला, तर तेथे कवच बसायला देठ नसतील आणि म्हशीला चरायलाही काही नसेल. ते जमत नसेल तर निदान बोडीचा एक कोपरा काट्याने वेगळा करून त्या बाजूची वनस्पती काढत राहावी. म्हशींना प्यायला हौदातले पाणी द्यावे, कारण काही कवचे पाण्याच्या पृष्ठभागावरही तरंगत असतात.

शेण ताजे असताना बांधीत किंवा पाटात जाऊ देऊ नका. उकिरड्यात नीट रचलेले शेण आतून तापते आणि त्या उष्णतेने अंडी मरतात. गोबरगॅस असेल तर अंड्यांचे प्रमाण त्यातही बरेच घटते. उकिरडा मात्र उंचवट्यावर आणि भोवती चर काढून असावा, म्हणजे पावसाचे पाणी त्यातून वाहून बांधीत उतरणार नाही. मला विचाराल तर एवढ्या सगळ्यात पहिले काम हेच करावे, कारण याला औषधाचा खर्च नाही आणि परिणाम थेट आहे.

बदके पाळण्याची जागा असेल तर तीही पाळून पाहा. ती गोगलगायी खातात हे आपण जाणताच. शिवाय जावामधील संशोधकांना असे दिसले की बदकांच्या विष्ठेतून एकायनोस्टोम नावाच्या दुसऱ्या एका कृमीच्या अळ्या त्याच गोगलगायींत शिरतात आणि तेथे आधीपासून असलेल्या यकृतकृमीच्या अळ्यांना खाऊन टाकतात. म्हणून तेथे बदकांचे खुराडे गोठ्याच्या सांडपाण्याजवळ ठेवून पाहिले गेले. रोवणी अगदी नवी असताना मात्र बदके बांधीत सोडू नका, पऱ्हे उखडतील.

औषधाचा काळ असा धरावा. एक मात्रा मे अखेरीस किंवा पाऊस पडण्याच्या तोंडावर, म्हणजे पहिल्या पुराबरोबर अंडी पाण्यात जाणार नाहीत; दुसरी पावसाळा संपल्यानंतर, शेण तपासून. गोठ्यातली सर्व जनावरे एकाच वेळी घ्यावीत, कारण एखादे धडधाकट दिसणारे रेडकूसुद्धा अंडी टाकत असू शकते. आपल्या हगवणीच्या म्हशीचा अहवाल आला की येथे लिहा. ॲम्फिस्टोम निघाले तर तिच्या औषधाचा विचार वेगळा करावा लागेल.